हाय-का-न्हाई साहेब

ये गं, अशी जवळ सरक. तू तिकडं पुण्यात आणि मी इथं वडवणीत, तरी कागदावरून का होईना, सरक. आणि आधी रागावून घेते, लाड नंतर. परवा फोनवर मी तुला साधं विचारलं, की प्रोग्राम नव्या मशीनवर बांधताना आधी त्या मशीनला काय काय विचारून घेता गं तुम्ही? तर म्हणालीस, "आत्या, ते सगळं आपोआप होतं. एक ओळ टाकायची, ते बघून घेतं." काय बघून घेतं? तर म्हणे, "असेल काहीतरी. कोण बघतंय आत!"

इतकी शिकलीस, इतक्या मोठ्या कंपनीत बसतेस, आणि आपल्या हाताखाली काय चाललंय ते बघायला तुला सवड नाही? फोन ठेवून मी भाकरी टाकायला बसले, तर तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी माझं लक्ष नाही. एक माणूस डोळ्यांपुढं उभा राहिला होता. त्याच्याबद्दल तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आमच्या दूध संस्थेत ते संगणकाचं काम बघायचे. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सगळा तालुका त्यांना हाय-का-न्हाई साहेब म्हणायचा, तोंडावर म्हणायचा, आणि ते ओ द्यायचे. बारीक अंगाचे, धारूरकडचे, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पॅन्टीला कपड्याचे चिमटे लावलेले. ते चिमटे दिवसभर तसेच. खांद्याला पिशवी, पिशवीत जेवणाचा चार पुडाचा डबा, आणि डब्यात फ्लॉप्या. जेवण कागदात गुंडाळून आणायचे. "भाकरीला धूळ लागली तर झटकता येते," म्हणायचे.

त्यांचा स्वभाव कसा म्हणशील? चहाला बोलावलं तर आधी विचारणार, "साखर हाय का?" हो म्हटलं तरी स्वयंपाकघराच्या दारातून डबा मागून घेणार, झाकण काढून बघणार, मग मांडी घालून बसणार. काडेपेटी कानाशी हलवून बघणार. गावात पाण्याचा टँकर आला की सगळ्या बाया घागरी घेऊन पळायच्या, आणि हे आधी टँकरच्या पोटावर बोटं वाजवत पुढून मागपर्यंत जायचे. "निम्माच हाय," असं त्यांनी सांगितलं की तो निम्माच निघायचा. बाया मग त्यांनाच पुढं करायला लागल्या. "साहेब, जरा वाजवून बघा की," म्हणायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या.

नारायणगडाच्या यात्रेचं सांगते. स्टँडवर जादा गाडी लागलेली, पाटी नारायणगडची, माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतायत. मी पण आत. साहेब खाली उभे. पाटी वाचली, मग ड्रायव्हर शोधायला गेले. तो पानटपरीवर होता. परत आले आणि खिडकीतून शांतपणे म्हणाले, "ताई, उतरा. गाडी डेपोत चाललीय. पाटी कालची हाय." आत एक जण त्यांच्यावर खेकसला, "ओ शहाणे, गपा की! पाटी दिसत न्हाई का?" साहेब म्हणाले, "पाटी दिसतीय. गाडीचं इचारून आलो." पाच मिनिटांनी ड्रायव्हरनं अख्खी गाडी खाली उतरवली. साहेब तोवर खऱ्या गाडीच्या पहिल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले, आणि शेजारी माझ्यासाठी जागा.

ऑफिसात त्यांनी एका शब्दाला बंदी घातली होती. 'असेल' म्हणायचं नाही. म्हटलं की माठ भरून आणायचा, तोही बाहेरच्या हापशावरून. चेअरमन अण्णा एवढे मोठे, दहा गावांत वजन असलेले गृहस्थ, पण एकदा बोलून गेले, "दूध आलं असेल की एव्हाना." साहेबांनी नुसतं माठाकडं बघितलं. अण्णा धोतराचा सोगा सावरत उठले, आणि आम्ही सगळे खिडकीत गोळा झालो. दुष्काळाचं वर्ष, हापसा नुसता खोकायचा. पाऊण तास लागला त्यांना. आल्यावर म्हणाले, "साहेब, तुमी लई छळता." साहेब म्हणाले, "दूध आलं का ते तरी बगून आलाव का?"

मी तेव्हा संस्थेत दुधाची फॅट काढायचे. सातवी शिकलेली बाई, इंग्रजी अक्षरं तुझ्या दादाच्या पाठ्यपुस्तकावरून गिरवलेली. मशीन मी कशी शिकले, तर साहेबांच्या मागं उभी राहून. त्यांनी मला काही शिकवलं नाही. काहीही विचारलं की एकच उत्तर, "मला कावून इचारता? त्याला इचारा." त्याला म्हणजे मशीनला. मग मी विचारायला शिकले.

आता हे पुढचं तुझ्यासाठी नाही, तुझ्या आईसाठी; एवढाच तुकडा तिला वाचून दाखव. वहिनी, लक्ष द्या. मशीनच्या पोटात काही फायली असतात, त्यांना हेडर म्हणतात. चावडीवर यादी चिकटवतात तशा. त्यात नावं असतात, हे काम माझ्याकडे होतं, ते काम माझ्याकडे होतं अशी. आपण लिहिलेला प्रोग्राम ती कामं नावानं हाक मारून करून घेतो. पण मशीन बदललं की यादी बदलते. म्हणून प्रोग्राम बांधण्याआधी एकेक नाव घेऊन मशीनला विचारायचं, हे तुझ्याकडे हाय का? विचारायचं म्हणजे चार ओळींचा चिमुकला प्रोग्राम करायचा, त्यात तेवढंच नाव वापरायचं, आणि तो बांधून बघायचा. बांधला गेला तर हाय, अडला तर न्हाई. उत्तर एका फायलीत लिहायचं आणि पुढचं नाव घ्यायचं. अशी सत्तर-ऐंशी नावं. शेवटी ती उत्तरं बघून प्रोग्राम त्या मशीनच्या मापाचा बांधला जातो. झालं. एवढंच तुमची लेक करते, पण तिला ते माहीत नाही.

साहेब नुसत्या यादीवर थांबायचे नाहीत. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं ऊसतोडीला जातात. यादीत नाव असतं आणि दाराला कुलूप असतं. हेडरचंही तसं होतं. नाव लिहिलेलं दिसतं, पण जिथं ते काम खरोखर असायला पाहिजे त्या लायब्ररीत ते नसतंच. म्हणून साहेबांचा चिमुकला प्रोग्राम चावडीवरून परत फिरायचा नाही, घरापर्यंत जाऊन कडी वाजवून यायचा. हे सगळं चालू असताना साहेब पडद्यापुढं बसून एकेक नाव मोठ्यानं वाचायचे, आणि उत्तर आलं की भिंतीवर खडूनं खूण करायचे. हाय. हाय. न्हाई. हाय. बाहेर दूध घालायला आलेली माणसं म्हणायची, "साहेबाची हजेरी सुरू झाली."

आणि एवढं करावंच लागायचं, कारण आमची मशीनं म्हणजे दहा घरची दहा पोरं. वडवणीच्या मुख्य ऑफिसातलं कारखान्यानं काढून टाकलेलं, जुनंपुराणं. गावागावच्या केंद्रांवर एक बँकेचं, दोन शाळेची, एक कुठल्याशा दवाखान्याचं. प्रत्येकाची सिस्टिम वेगळी. साहेबांनी लिहिलेला प्रोग्राम एकच, आणि तो सगळ्यांवर चालवायचा.

त्या वर्षी संस्थेनं चारा छावण्या चालवायला घेतल्या. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेलेला. माणसं दावणीला उभी राहून जनावरांच्या डोळ्यांत बघायची नाहीत, इतकी लाज वाटायची. छावणीचा नियम सरळ होता. प्रत्येक जनावराच्या कानाला बिल्ला, बिल्ल्याची मालकाच्या नावासह नोंद, आणि त्या नोंदींची छापील यादी. तहसीलचे साहेब येऊन यादी ताडून बघणार, आणि यादीत जेवढी जनावरं तेवढाच चारा. यादी नाही तर गाडी नाही.

मुदत थोडी. साहेब धारूरच्या बाजूची केंद्रं करायला गेले आणि इकडची तीन गावं माझ्यावर सोपवली. पहिल्यांदाच एकटी. जाताना म्हणाले, "ताई, घाई करा, पण इचारून करा."

वीज आली तरी सलग तीन तासांच्या वर टिकायची नाही. मशीन जुनं, सत्तर-ऐंशी प्रश्न विचारायला पाऊण तास जायचा. मी हिशेब केला, तीन गावं, तीन वेळा पाऊण तास. आणि मग मला ती अक्कल सुचली. वडवणीच्या मशीनची उत्तरं फायलीत तयार होतीच. ती फाईल फ्लॉपीवर घेतली आणि तिन्ही गावच्या मशीनला नेऊन दिली. उत्तरं तयार असली की प्रोग्राम पुन्हा विचारत नाही, सरळ बांधायला घेतो. तिन्हीकडं पाच मिनिटांत बांधून झाला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, साहेबांनासुद्धा हे सुचलं नाही असं वाटलं.

तिसऱ्या गावच्या छावणीत मी स्वतः नोंदी करायला बसले. तीनशेच्या वर जनावरं, मालक एकेक करून पुढं येऊन सांगायचे. सकाळपासून दुपारपर्यंत मान मोडून टाइप केलं. दुसऱ्या दिवशी दहाला तपासणी. शेवटची पाच-सहा राहिली आणि वीज गेली. बॅटरी होती, ती दोन मिनिटांत मेली. मी म्हटलं, जाऊ दे, केंद्रांवरच्या मशीनात लिहिलेलं आपोआप पक्कं बसतंच. तासाभरानं वीज डोकावून गेली तेव्हा उघडून बघितलं, तर आत काही नाही. एक गाय नाही, एक रेडकू नाही.

बाहेर जनावरं हंबरत होती.

साहेबांना निरोप धाडला, ते चारच्या गाडीनं आले. अण्णाही जीप घेऊन आले. साहेब विजेची वाट बघत बसले, ती पुन्हा अर्धा तास आली तेव्हा उत्तरांची फाईल उघडली आणि बोट खाली सरकवत एका ओळीवर थांबले. एफसिंक. लिहिलेलं तबकडीवर पक्कं बसवणारं काम ते. पुढं उत्तर होतं, न्हाई.

"ताई," ते म्हणाले, "ह्या मशीनला इचारलं हुतं का?"

"न्हाई साहेब. वडवणीच्या मशीनची उत्तरं आणली."

"कावून?"

"येळ वाचंल म्हणून."

वडवणीच्या त्या म्हाताऱ्या मशीनच्या हेडरमध्ये एफसिंकचं नावच नव्हतं. म्हणून तिथं प्रोग्राम वेगळ्या रीतीनं बांधला जायचा, नोंदी नुसत्या डोक्यात धरायचा, आणि पान भरलं की माणसानं स्वतः जतन करायचं. वडवणीला तसा कागद पडद्याशेजारी चिकटवलेलाच होता. या मशीनकडं ते काम होतं, धडधाकट होतं, पण त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"म्हंजी शेजारणीला इचारून हिच्या घरात चूल मांडली," साहेब म्हणाले. मग थांबून म्हणाले, "ही फाईल आणखी कुटं नेली का?"

अण्णा दारात उभे होते. अण्णांनीच मला नोकरीला लावलं होतं, आणि माझ्यावर हसणाऱ्यांपुढं माझी बाजू घ्यायचे. मी म्हटलं, "न्हाई."

साहेबांनी मान हलवली. त्यांनी माझ्या 'न्हाई'वर विश्वास ठेवला.

अण्णा म्हणाले, "आता रडत बसू नका. संस्थेची जुनी सभासदांची यादी हाय ना जीपमधी, कुणाकडं किती जनावरं ते सगळं हाय त्यात. सकाळी वीज आली की ती छापा. तेवढीच असतील."

साहेब म्हणाले, "अण्णा, माठ भरायला पाठवू का?"

"ही मस्करीची येळ हाय का बे?" अण्णा भडकले. "उद्या दहाला तहसीलचे साहेब येणार. यादी न्हाई दिसली तर गाव माझ्या अंगावर यील."

"म्हणूनच म्हणतो. दावणीला जाऊन इचारायचं. एकेक जनावर."

"तीनशे?"

"तीनशे हायत का, ते बी बगू."

आणि निघालो. मी वही आणि ती जुनी यादी धरलेली, साहेब पुढं. प्रत्येक जनावरापाशी थांबायचं, कान हातात धरायचा, बिल्ला वाचायचा, मालकाला विचारायचं. सहा बैल जुन्या यादीत होते, ते मागच्याच आठवड्यात बाजारात गेलेले. एक गाय व्यालेली, कालवड कोणी लिहिलीच नव्हती. आणि अगदी टोकाला, ताडपत्रीच्या सावलीला, गिरजाबाई म्हणून एक म्हातारी एक खिल्लार गाय आणि एक वासरू घेऊन बसलेली. लेक-सून ऊसतोडीला गेलेले. जुन्या यादीत लेकाच्या नावापुढं कोणीतरी लिहिलं होतं, घर बंद. घर बंदच होतं. घरातली उरलेली तीन माणसं, म्हणजे म्हातारी, गाय आणि वासरू, इथं छावणीत राहत होती.

साहेबांनी विचारलं, "आजी, ही गाय तुमची हाय का?"

"मंग काय तुझ्या बापाची हाय का रे?"

"वासरू?"

"ते बी माझंच. तू हाईस कोण? दुपारी ह्या बाईनं लिहून घेतलं की."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "लिहून घेतलं हुतं आजी. पुसलं गेलं. आता पक्कं लिहितो." आणि म्हातारीपुढं उकिडवे बसून तिचं, लेकाचं, गाईचं नाव पुन्हा विचारलं. गाईचं नाव यादीत लागत नव्हतं. तरी विचारलं. सोनी होतं.

अंधार पडेपर्यंत निम्मी झाली, उरलेली पहाटे उजाडताच धरली. सहाला वीज आली. रोजच्यासारखी राहिली तर नऊला जाणार. मी वही उघडून टाइप करायला बसले, तर साहेब म्हणाले, "उठा. आधी इचारू द्या त्याला."

"साहेब, पाऊण तास जाईल! एकट्या बाईच्या हाती तीनशे नोंदी. ह्या खेपेला मी पानापानाला जतन करते की."

"तुमी आज कराल. उद्या दुसरं कुणी बसंल, त्याला कोण सांगंल?"

आणि त्यांनी ती माझी फाईल पुसली. पहिल्या नावापासून सुरुवात. हाय. हाय. न्हाई. अण्णा बाहेर येरझारा घालतायत, घड्याळ बघतायत, कपाळावर हात मारतायत. साहेब भिंतीपाशी खडू घेऊन उभे. एफसिंक आलं तेव्हा मी पडद्याशी वाकले. नाव हाय. दार वाजलं. घरात हाय.

पाच मिनिटांत प्रोग्राम नव्यानं बांधला आणि सातला दहा कमी असताना मी टाइप करायला बसले. साहेब वही वाचायचे, मी दाबत जायचे. मधे सव्वाआठला वीज फट्कन गेली. गिरजाबाई दारात येऊन बसली होती, तिनं नुसतं "आरं देवा" म्हटलं. दहा मिनिटांनी वीज परत आली. साहेबांनीच बटण दाबलं. उघडलं. सगळी जनावरं आत उभी होती, वीज जायच्या आधी मी लिहिलेल्या शेवटच्या म्हशीपर्यंत.

नऊला पाच कमी असताना छापणाऱ्या यंत्रानं कुरकुरत शेवटचं पान सोडलं आणि वीज गेली. दहाला तहसीलचे साहेब आले, यादी हातात घेऊन छावणीभर हिंडले, मधूनच कुठंही थांबून कान धरून बघायचे. टोकाला गेले, सोनीचा बिल्ला बघितला, यादीत बघितला, पुढं गेले. सही झाली. दुपारी चाऱ्याची गाडी फाटकातून आत आली आणि गिरजाबाईनं तिच्या वाट्याची पेंढी छातीशी धरून नेली.

अण्णा खुशीत होते. सगळ्यांदेखत म्हणाले, "आमची ही बाई हाय म्हणून झालं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पण वाजवल्या.

ते मला सहन झालं नाही गं. टाळ्या थांबायच्या आत मी साहेबांपुढं गेले आणि अण्णांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "साहेब, काल मी खोटं बोलले. तीच फाईल आणखी दोन गावांत हाय."

अण्णांचा चेहरा उतरला. साहेबांचा बदलला नाही. त्यांनी विचारलं, "दोन हायत?"

"दोन हायत."

"तिसरं?"

"न्हाई."

"तपासणी कवा हाय तिथं?"

"परवा. दोन्हीकडं."

त्यांनी फ्लॉप्यांचा डबा पिशवीत टाकला, पॅन्टीचे चिमटे घट्ट केले आणि म्हणाले, "मग गाडीचं इचारून या. आपण दोगं जाऊ." एवढंच. पुढं कधीही, कुठल्याही भांडणात, त्यांनी ती गोष्ट काढली नाही. दोन्ही गावची मशीनं आम्ही पहिल्यापासून विचारली, दोन्ही याद्या दावणीवरून लिहिल्या, वेळेत निघाल्या. परत येताना बसमध्ये साहेबांनी वही माझ्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं, उत्तरांच्या फायलीत मशीनचं नाव लिहिलं जाईल आणि दुसऱ्या मशीनवर ती चालणारच नाही, एवढं तुमीच लिहा. सहा ओळी होत्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या. त्या लिहिताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कंडक्टर विचारत होता, "मावशी, बरं न्हाई का?"

संस्था पुढं मोडली, साहेब धारूरला निघून गेले आणि तिथंच वारले. मी जाऊन आले होते.

हे सगळं तुला सांगितलं, कारण परवा फोनवर तुझा आवाज मला नेहमीचा वाटला नाही. कुणापाशी बोलली नाहीस असं काही अडलंय का गं? तसं काही घडलंय तर ते फोनवर सांगू नको, आईलाही आत्ताच सांगू नको. शाळूला हुरडा भरलाय, तो भाजायला अंगणात आगटी करते. पहिल्या सुट्टीला गाडीत बस आणि ये.